माणसापेक्षा उंच कुंपण

सार्वजनिक बागेत एखादा माणूस एकोणीस वर्षे राबला, तरी कार्यालयाला त्याच्याविषयी दोनच गोष्टी ठाऊक असतात : त्याचा हजेरी क्रमांक आणि त्याच्याविरुद्ध आलेल्या तक्रारी. या माळ्याच्या बाबतीत दुसरा रकाना कोरा होता. वस्तीतली मुले त्याला कात्रीकाका म्हणत, आणि मुलांचे ऐकून मोठी माणसेही तसेच म्हणू लागली होती. उंचीला बेताचा, बोलायला त्याहूनही बेताचा. मात्र त्याच्या हाताची मोठी कात्री चालू लागली, की सकाळी फिरायला आलेले लोक पावले आवरून उभे राहत.

बागेच्या मधोमध, पूर्वेच्या फाटकापासून पश्चिमेच्या फाटकापर्यंत जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना त्याने हिरवे कुंपण वाढवले होते. रुजू झाला तेव्हा तिथे वीतभर काटक्या होत्या. त्या काटक्यांना त्याने तळहातावरच्या फोडासारखे जपले. दर पंधरवड्याला दोन खुंट्या ठोकायच्या, त्यांना दोरी ताणून बांधायची, आणि दोरीवर नजर ठेवून छाटत जायचे. पाने दोरीच्या वर केसभर गेलेली त्याला खपत नसत. कुंपण माणसापेक्षा उंच झाले, भिंतीसारखे सपाट झाले, आणि विभागाने त्याला दोनदा प्रशस्तिपत्र दिले. दोन्ही पत्रांवर त्याचे आडनाव चुकवले होते. त्याने ती तशीच चौकटीत बसवून घरी लावली. कार्यालय चुका दुरुस्त करत नाही, फक्त नव्याने करते, हे त्याला एव्हाना उमगले होते.

मग एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, पलीकडच्या रुग्णालयातली एक परिचारिका कामावर निघालेली असताना कुणीतरी त्या कुंपणाआडून तिच्यावर झडप घातली. पिशवी गेली, मनगट मोडले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्या आल्या नसत्या तर मनगट मोडल्याचे कार्यालयाच्या कानावरही गेले नसते. पण आल्या, आणि सगळ्यांना एकदम जाग आली. महिन्याभरात उद्यान सुधार समिती नेमली गेली, निवृत्त मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष झाले, आणि बागेचा नवा आराखडा करायला बाहेरून एक तरुण बाई आली. माळ्याने तिचे नाव मनातल्या मनात नकाशाबाई ठेवून टाकले.

नकाशाबाई इतरांसारखी गाडीतून उतरून गाडीत बसणारी नव्हती. ती तीन दिवस बागेत हिंडली, बाकांवर बसली, तिने वाकून पाहिले, उकिडवी बसून पाहिले. चौथ्या दिवशी तिने माळ्याला हाक मारली.

"काका, हा मधला फरसबंदीचा चौक कशासाठी आहे हो?"

"उद्घाटनासाठी."

"कसलं उद्घाटन?"

"चौकाचंच."

ती खळखळून हसली. त्या चौकात एक कारंजे होते, ते उद्घाटनाच्या दिवशी उडाले आणि त्यानंतर त्याने तोंड मिटले ते कायमचे. उन्हाळ्यात फरशी इतकी तापे, की कुत्रीसुद्धा वळसा घालून जात. नकाशाबाई म्हणाली, ही फरशी आपण उखडून काढू आणि तिथे झाडे लावू, निदान तीस. माळ्याला हे इतके पटले, की त्याने खिशातून खडू काढून कुठले झाड कुठे शोभेल ते फरशीवरच आखून दाखवले. तिने ते सगळे टिपून घेतले. एकोणीस वर्षांत त्याचे म्हणणे कुणी टिपून घेतल्याचा तो पहिला प्रसंग.

मग ती म्हणाली, "आणि काका, हे कुंपण गुडघ्यापर्यंत खाली आणावं लागेल."

त्याने खडू खिशात ठेवून दिला.

"हिरवळ कमी नाही करायची आपल्याला, उलट वाढवायची आहे. फक्त ती गुडघ्याच्या खाली असू दे, नाहीतर डोक्याच्या वर. मधली जागा डोळ्यांसाठी मोकळी ठेवायची. वाटेवरच्या माणसाला आजूबाजूला कोण आहे ते दिसलं पाहिजे."

"कुंपणानं चोरी केली का, बाई?"

"नाही. पण चोराला उभं राहायला जागा दिली."

तो उठला आणि पाण्याची नळी उचलून निघून गेला. झाडांना पाणी सकाळीच घालून झाले होते, हे दोघांनाही माहीत होते.

समितीपुढे आराखडा गेला तेव्हा चौकातल्या झाडांवर कुणी अवाक्षर काढले नाही. कुंपणावर मात्र दीड तास चर्चा झाली. सभासद सगळे सकाळी फिरणारे, सगळे पुरुष, आणि बहुतेकांच्या घरी त्या कुंपणापुढे उभे राहून काढलेले छायाचित्र होते. कुंपण हे वस्तीचे भूषण आहे, असे एकाने सांगितले. भूषण नव्हे, वैभव, असे दुसऱ्याने दुरुस्त केले. अध्यक्षांनी शाळा चालवली त्याच शिस्तीने तोडगा काढला : लोकमत घ्या, आकडे बोलतील. प्रश्नावली छापली गेली. 'उद्यानात येताना आपणांस सुरक्षित वाटते काय?' हा तिच्यातला चौथा प्रश्न. दोनशे प्रती आल्या आणि वाटपाचे काम अर्थातच माळ्याच्या गळ्यात पडले.

त्याने ते काम चोख केले, आणि तिथेच सगळे चुकले. पूर्वेच्या फाटकातून आत येऊन तो आतल्या बाजूला स्टुलावर बसे, पहाटे साडेपाच ते आठ. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कागद आणि पेन्सिल देई, जाताना दोन्ही परत घेई. पेन्सिल एकही हरवली नाही. आठवड्याभरात एकशेसाठ कागद भरून आले. एकशेअठ्ठेचाळीस लोकांना बागेत अगदी सुरक्षित वाटत होते. उरलेल्या बारांपैकी सात जणांना प्रश्नच कळला नव्हता.

आकडे बोलले. कुंपण राहिले. नकाशाबाईने सभेत एकच गोष्ट विचारली, "यात स्त्रिया किती?" अध्यक्ष म्हणाले, "प्रश्नावलीत तसा भेदभाव आपण ठेवलेला नाही." सभेने बाके वाजवली.

त्या संध्याकाळी माळी घरी आला तो जवळजवळ तरंगतच. त्याची बायको पश्चिमेच्या फाटकासमोरच्या एका शिवणकामाच्या दुकानात कपडे दुरुस्त करायला जात असे. ती नुकतीच येऊन पाय चोळत बसली होती. मुलगी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. तिची कामाची पाळी सातला संपे, तीही घरी पोचली होती.

"राहिलं!" तो दारातूनच म्हणाला.

"काय राहिलं?"

"कुंपण. दीडशे माणसांनी लिहून दिलं. अगदी सुरक्षित वाटतं म्हणे."

बायकोने पाय चोळणे थांबवले नाही. "मला नाही कुणी विचारलं."

"तू कुठे येतेस बागेत?"

"तेच तर."

मुलगी हसली, आणि हसू आवरायला तिने पाण्याचा पेला तोंडाला लावला. त्याला काही उमजेना. "म्हणजे? तू बाजाराच्या रस्त्याने येतेस ना, भाजी घ्यायला?"

"रोज कसली भाजी घेते हो मी? मागच्या आठवड्यात तीन दिवस आपण बटाटेच खाल्ले."

"मग?"

"बाबा," मुलगी म्हणाली, "बागेतून घर सहा मिनिटांवर आहे. बाहेरून वळसा घालून सतरा. आई रोज सतरा मिनिटं चालते. मीही. आमच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्या जणी चालतात. आम्ही तुमच्या वाटेला काय म्हणतो माहितीये? बोगदा."

"कधीपासून?" त्याने बायकोला विचारले.

"ही चौथीत होती तेव्हापासून. शाळेतून घेऊन येत होते. कुंपणामागे एक माणूस उभा होता."

"काय केलं त्यानं?"

"काही नाही. नुसता उभा होता. आम्ही पुढे गेलो तसा पानांच्या पलीकडून तोही पुढे आला. थांबलो, तर थांबला. एवढंच." तिने पायावर पदर ओढला. "तुम्ही त्याच आठवड्यात ते पहिलं प्रशस्तिपत्र आणलं होतं. पोटच्या पोरासारखं वाढवलंत तुम्ही त्याला. तोंडावर काय सांगायचं?"

"सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

तो प्रामाणिक माणूस होता, म्हणून गप्प बसला. बायको रोज सतरा मिनिटे चालते, हे त्याला भिंतीवरच्या त्या दोन चौकटींकडे पाहवेना इतके लागले. त्याने तिला भित्री म्हणून पाहिले, जमेना. तिने एकटीने दोन बाळंतपणे निभावली होती, त्यांतले एक मूल गेले तेव्हाही ती डगमगली नव्हती. अशी बाई चौदा वर्षे वळसा घालते म्हणजे भीती तिच्यात नव्हती, वाटेत होती. आणि वाट त्याने बांधली होती, दोरी लावून, केसभरही न चुकता.

दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळी उरलेले चाळीस कागद घेऊन फाटकाबाहेर, पदपथावर उभा राहू लागला. आत जाणाऱ्यांना त्याने सोडून दिले. बागेला वळसा घालून जाणाऱ्या बायकांना हाक मारू लागला. पहिली त्याला पाहून लांबूनच निघून गेली. दुसरीने विचारले, "काका, बागेत न जाणाऱ्यांना बागेचं काय विचारता?" तिसरी म्हणाली, "लिहिते, पण नाव नाही लिहिणार." चौथी ती परिचारिकाच निघाली. तिचे मनगट अजून पट्ट्यात होते; तिने सांगितले, त्याने लिहिले. तीन संध्याकाळींत चाळीस कागद संपले. सदतीस जणींनी चौथ्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिले होते आणि काहींनी पाठीमागे बरेच काही.

ते कागद घेऊन तो उद्यान अधीक्षकांकडे गेला. साहेबांनी दोन-तीन चाळले.

"मुदत संपली याची."

"साहेब, चूक माझी आहे. मी फाटकाच्या आत बसलो होतो. आत येतात त्यांनाच विचारलं."

"मग बरोबरच केलंस. ही उद्यानात येणाऱ्यांची पाहणी होती. या बायका उद्यानात येतच नाहीत, त्यांचा संबंध काय?"

"त्या का येत नाहीत तेच लिहिलंय त्यांनी."

"ते ठीक आहे, पण तो या पाहणीचा विषय नाही. अरे, तुझंच कुंपण वाचलंय, तुलाच काय झालंय? पेढे सोड, निदान चहा तरी पाज." साहेबांनी कागद परत त्याच्या हाती ठेवले; फाइलला लावले असते, तर त्यांना पावती द्यावी लागली असती.

शिकलेली माणसे अशा वेळी दुसरा अर्ज करतात, मग तिसरा, आणि अर्जांच्या प्रती जपून ठेवण्यात उरलेले आयुष्य घालवतात. माळी सातवीपर्यंत शिकला होता. तो रविवारी उजाडताच करवत घेऊन बागेत आला.

कात्रीचे ते कामच नव्हते. बुंधे मनगटाएवढे झाले होते. पहिली फांदी पडली आणि त्याने आयुष्यात प्रथमच आपल्या कुंपणाचे आतले अंग पाहिले. पान होते ते फक्त बाहेरून, चार बोटे. आत पाला नव्हता, उजेड नव्हता. वाळक्या काटक्यांची एक लांबलचक खोली होती, पुरुष सहज उभा राहील एवढी. जमीन पायांनी तुडवून टणक झालेली. एका ठिकाणी पुठ्ठा अंथरलेला. थोडे पुढे एक बाईचे पैशांचे पाकीट, उसवलेले आणि रिकामे. मग आणखी एक. मग एका पायातली चप्पल. एकोणीस वर्षे त्याने चेहरा छाटला होता. चेहऱ्यामागे काय वाढते आहे ते पाहायची त्याला कधी गरजच पडली नव्हती, कारण प्रशस्तिपत्र चेहऱ्यालाच मिळते.

तो खाली बसला. मग उठला आणि करवत पुन्हा लावली.

फिरायला येणारे जमले. "कात्रीकाका, डोकं ठिकाणावर आहे का?" "अहो, कुणाच्या हुकमाने?" अध्यक्ष धावत आले, पायातल्या बुटाची नाडी सुटली होती. "थांबा! हे सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान आहे!"

"आत येऊन बघा, गुरुजी," तो म्हणाला.

"आत कुठे?"

"कुंपणात. जागा भरपूर आहे."

अध्यक्ष आत गेले नाहीत. त्यांनी अधीक्षकांना फोन लावला. रविवार असल्यामुळे तो कुणी उचलला नाही, आणि सरकारी सुट्टीचा लोकांना झालेला तो विरळा उपयोग. दुपारी दोनपर्यंत एक बाजू गुडघ्यापर्यंत आली होती. दुसरी त्याने सोमवारी, कामाच्या वेळेत, हजेरी लावून पुरी केली.

मंगळवारी कारणे दाखवा नोटीस आली. लेखी परवानगीविना छाटणी का केली, याचा खुलासा सात दिवसांत मागवला होता. मुलगी दोन पाने लिहायला बसली होती. त्याने एकच वाक्य सांगितले : 'कुंपण मी वाढवले होते, म्हणून मीच उतरवले.' हा खुलासा समाधानकारक न वाटल्यामुळे त्याची बदली शहराबाहेरच्या विभागीय रोपवाटिकेत झाली. तिथे पिशव्यांत माती भरायची असते. निवृत्तीला तीन वर्षे उरलेल्या माणसाला दिवसभर पिशव्यांत माती भरायला लावणे ही शिक्षा नव्हे, प्रशासकीय सोय आहे, असे आदेशात म्हटले होते.

बायकोने आदेश दोनदा वाचला. "माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे नाही. मी फाटकाच्या आत बसलो, त्यामुळे."

"आता बस बदलून जावं लागेल तुम्हाला."

"जाईन. तूही एवढी चाललीसच की."

पावसाळ्यापूर्वी नकाशाबाई रोपवाटिकेत आली. चौकाची फरशी उखडून झाली होती, तीस झाडे हवी होती. तिने आल्या आल्या सांगितले, की छापून आलेल्या अंतिम आराखड्यात बुटके कुंपण समितीची दूरदृष्टी म्हणून नोंदले गेले आहे, छायाचित्रासकट. "मी विरोध केला, काका. माझं कुणी ऐकलं नाही."

"राहू द्या. झाडं बघू या."

त्याने तिला एकेक रोप दाखवले. ज्यांचा बुंधा सरळ डोक्याच्या वर जाईल आणि मगच फुटेल अशीच निवडली. एका देखण्या रोपापाशी ती थांबली तेव्हा त्याने मान हलवली. "ते नको. ते खालपासून फुटतं. मला आवडतं ते, म्हणून सांगतोय." ती पुढे सरकली. जाताना तिने त्याला विचारले, चौकातली झाडे बघायला याल का. तो म्हणाला, रोपे धरायला दोन पावसाळे तरी लागतील, घाई काय आहे.

झाडे लागल्यावर एका रविवारी बायकोच म्हणाली, "चला, तुमची बाग दाखवा."

"माझी कुठे आता?"

"मग ज्याची असेल त्याची दाखवा. पाय मोकळे होतील."

ती चौदा वर्षांनी पूर्वेच्या फाटकातून आत शिरली. त्याने मुद्दाम संध्याकाळचीच वेळ निवडली होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना कुंपण गुडघ्याशी होते, त्याच्या पलीकडचे गवत दिसत होते, गवतावर बसलेल्या दोन कॉलेजातल्या मुली दिसत होत्या, एक बाई ढकलगाडीतल्या बाळाला घेऊन पश्चिमेकडून येताना पार टोकापासून दिसत होती. चौकात तीस रोपे काठ्यांना बांधून उभी होती. बायकोने एकाची माती पायाने दाबली आणि म्हणाली, "हे नीट नाही लावलं."

"नव्या माळ्यानं लावलंय."

"दिसतंच आहे."

त्याला बरे वाटले. ते लपवायला त्याने खोकल्याचे निमित्त केले. दोघे पुढे निघाली. पश्चिमेचे फाटक हाकेच्या अंतरावर आले तेव्हा तिची पावले मंदावली. डाव्या हाताला पाण्याच्या पंपाची खोली होती, नवीन रंग दिलेली.

"तिच्यामागे काय आहे?" तिने विचारले.

"काही नाही. भिंत आणि पाण्याच्या नळाची झडप."

"तुम्ही बघितलंय?"

त्याच्या ओठांवर 'एकोणीस वर्षं बघतोय' आले होते. ते त्याने गिळले. तिला वाटेवरच उभी करून तो खोलीला वळसा घालून मागे गेला. ओल होती, अंधार लवकर पडला होता. झडप होती, भिंत होती, आणि त्या दोहोंच्या मध्ये एका माणसाला उभे राहण्यापुरती जागा होती. तो तिथे उभा राहिला. तिथून त्याला वाट स्पष्ट दिसत होती, वाटेवर हातातली पिशवी छातीशी धरून उभी असलेली बायको दिसत होती, आणि ती अगदी त्याच्याच दिशेने पाहत असूनही तिला तो दिसत नव्हता. त्याने हात वर केला. तिने पाहिले नाही. त्याने हात खाली घेतला आणि आणखी क्षणभर, मुद्दाम, तो तसाच उभा राहिला.

तो बाहेर आला तशी ती दचकली. "किती वेळ! काय होतं?"

"कुणी नव्हतं."

"मग झालं तर. चला."

"नाही, झालं नाही," तो म्हणाला. "मागच्या भिंतीला दिवा हवा. आणि ही कोपऱ्याची भिंत काढून जाळी लावायला हवी."

"कुणाला सांगणार तुम्ही? बदली झालीय तुमची. शिवाय सांगितलं की हाकलतात, बघितलंत ना?"

"सांगेन."

"पण कुणाला?"

तो पंपाच्या खोलीच्या कडेने चालत भिंतीची लांबी पावलांनी मोजत होता : एक, दोन, तीन. साडेचार भरली. "आधी तू सांग," तो तिला म्हणाला, "या वाटेवर आणखी कुठे कुठे तुझे पाय अडतात ते. सगळं सांग. आज वेळ आहे मला."

तिने पिशवी छातीवरून खाली घेतली, फाटकाकडे पाठ फिरवली, आणि दोघे आली होती त्याच वाटेने, या वेळी तिला पुढे ठेवून, परत चालू लागली.